संगीतमंदिर आणि त्याच्या माथ्यावरचीं बिऱ्हाडें

न्यूयॉर्क शहरांत सातवा हमरस्ता आणि ५७ वा रस्ता जेथें एकमेकांस छेदतात, तेथें तांबूस विटांची एक जुनी इमारत उभी आहे. सभोंवार गगनचुंबी मनोऱ्यांची दाटी झाल्यामुळें ती आतां ठेंगणी दिसते. परंतु संगीताच्या जगांत तिच्याएवढी कीर्ति फार थोड्या वास्तूंच्या वांट्याला आली आहे. तिचें नांव कार्नेगी हॉल. १८९१ पासून पाश्चात्त्य संगीतांतील बहुतेक सारे थोर कलावंत तेथील रंगमंचावर येऊन गेले. एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी यांचें १९७७ मधील गायन आणि रविशंकर यांचें २००० मधील सतारवादन तेथेंच झालें, आणि त्या दोन्ही मैफलींचीं ध्वनिमुद्रणें आपल्याकडील रसिकांना परिचित आहेत.

अशा वास्तूचा इतिहास म्हणजे थोर गायकवादकांच्या नांवांची मालिका, अशी सहज समजूत होते. परंतु ज्यांच्यावर ही इमारत चालविण्याची जबाबदारी पडली, त्यांना रात्रंदिवस छळणारा विषय निराळाच होता. तो विषय भाड्याचा. मोठें संगीतगृह केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर चालत नाहीं. मग तूट कोणीं भरावयाची? संगीतगृहाच्या माथ्यावर आणि बाजूला माणसांनीं राहावें, आणि त्यांच्या भाड्यावर खालचें गाणें चालावें, असें एक उत्तर कार्नेगी हॉलनें एकोणिसाव्या शतकांतच देऊन पाहिलें. आज ठिकठिकाणीं जुनीं नाट्यगृहें आणि सभागृहें पाडून, किंवा त्यांना पोटांत घेऊन, राहत्या जागांचे उंच मनोरे उभारण्याच्या योजना निघत असतात. अशा वेळीं ह्या एका रस्त्यावरचा सव्वाशे वर्षांचा अनुभव ध्यानांत घेण्याजोगा आहे.

ही कथा एका आगबोटीवर सुरू होते. १८८७ सालीं वॉल्टर डॅम्रॉश नांवाचा पंचवीस वर्षांचा वृंदवादन-संचालक अधिक शिक्षणासाठीं युरोपांत निघाला होता. त्याचे वडील लिओपोल्ड डॅम्रॉश यांनीं न्यूयॉर्कमध्यें १८७३ सालीं ‘ऑरॅटोरिओ सोसायटी’ ही समूहगायनाची आणि १८७८ सालीं ‘सिंफनी सोसायटी’ ही वृंदवादनाची संस्था स्थापिली होती. १८८५ मध्यें वडील वारले आणि दोन्ही संस्थांची धुरा ह्या तरुणाच्या खांद्यावर आली. दोहोंपैकीं एकीलाहि हक्काचें सभागृह नव्हतें. पियानो तयार करणाऱ्या स्टाइनवे कंपनीनें १८६६ सालीं १४ व्या रस्त्यावर बांधलेला एक हॉल शहरांत होता खरा. पण त्याच्या मागें व्यापाऱ्याचा हिशेब होता, आणि श्रोत्यांना पियानोंच्या दालनांतून वाट काढीत आंत जावें लागे.

त्याच बोटीवर अँड्र्यू कार्नेगी हा पोलादाचा कारखानदार आपल्या नवपरिणीत पत्नीसह मायदेशीं, स्कॉटलंडला, चालला होता. हातमागावर कापड विणणाऱ्या कोष्ट्याचा हा मुलगा लहानपणीं आईबापांबरोबर अमेरिकेंत आला आणि पुढें जगांतील मोठ्या धनिकांत गणला जाऊं लागला. त्याची पत्नी लुईझ हिला गाण्याची आवड होती. बोटीवर ओळख झाली. स्कॉटलंडमध्यें कार्नेगीच्या पाहुणचारांत ती दृढ झाली. आणि तेथें तरुण डॅम्रॉशनें आपली अडचण यजमानासमोर मांडली. कार्नेगीनें होकार दिला.

ह्या होकाराचें स्वरूप मात्र नीट समजून घेतलें पाहिजे. ग्रंथालयांसाठीं ह्याच गृहस्थानें पुढें सढळ हातानें दान केलें. सुमारें अडीच हजार ग्रंथालयें त्याच्या पैशानें उभीं राहिलीं. संगीतगृह मात्र त्यानें दान दिलें नाहीं. त्यासाठीं रीतसर कंपनी काढली आणि तिचे बहुतेक भाग स्वतः घेतले. संगीतगृहानें आपल्या पायावर उभें राहावें, लोकांना तें हवें असेल तर लोकांनींच त्याचा खर्च सोसावा, असें त्याचें मत होतें. ह्या मताची परीक्षा पुढें वर्षानुवर्षें होत राहिली.

इमारतीचा आराखडा विल्यम टट्हिल ह्या शिल्पज्ञानें केला. हा स्वतः चेलो नांवाचें तंतुवाद्य वाजवीत असे आणि ऑरॅटोरिओ सोसायटीचा तो चिटणीसहि होता; म्हणजे घर बांधणारा आणि घरांत राहावयास येणारा हे एकाच मंडळींतले होते. १३ मे १८९० रोजीं लुईझ कार्नेगी हिनें कोनशिला बसविली. पोलादाच्या राजानें बांधविलेल्या ह्या इमारतीच्या मुख्य भागाला पोलादी सांगाडा नाहीं, हा एक मौजेचा विरोधाभास आहे. सारा भार विटांच्या जाड भिंतींवर आहे, आणि ह्या जाडीमुळेंच रस्त्यावरचा गलबला आंत शिरत नाहीं. मुख्य सभागृहांत सुमारें २,८०० श्रोत्यांची सोय झाली. त्याशिवाय एक सभागृह जमिनीच्या पोटांत आणि एक छोटेखानी दालन बाजूला, अशीं एकंदर तीन संगीतगृहें एका छपराखालीं आलीं.

५ मे १८९१ रोजीं पांच दिवसांच्या संगीतमहोत्सवानें उद्घाटन झालें. त्यासाठीं रशियाहून चायकॉव्स्की ह्या विख्यात संगीतकाराला मुद्दाम बोलावण्यांत आलें होतें, आणि त्यानें आपली रचना स्वतः उभें राहून वाजवून घेतली. १८९३ च्या डिसेंबरांत ड्व्होर्झाक ह्या झेक संगीतकाराची, पुढें जगभर गाजलेली ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ह्या वाद्यवृंदानें येथेंच प्रथम वाजविली. थोडक्या वर्षांत नांवलौकिक झाला. तूट मात्र भरून निघेना.

तेव्हां कार्नेगीनें माथ्याकडे दृष्टि वळविली. १८९४ पासून चार-पांच वर्षांत मूळ छपराचा आकार पालटून वर आणि बाजूला नवे मजले चढविण्यांत आले, आणि त्यांत कलावंतांना भाड्यानें देण्यासाठीं दीडशेंहून अधिक खोल्या निघाल्या. चित्रकारांना उत्तरेकडचा स्थिर प्रकाश लागतो, म्हणून कित्येक खोल्यांना मोठमोठीं तावदानें ठेवलीं. चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार, नर्तक, गाणें शिकविणारे, नाटकाची विद्या शिकविणारी संस्था असें नाना परींचें बिऱ्हाड तेथें वसलें. कित्येकांचें काम आणि निजणें एकाच खोलींत चाले. इझाडोरा डंकन ही नर्तकी, पुढच्या काळांत लेनर्ड बर्नस्टाइन हा संगीतकार आणि मार्लन ब्रँडो हा नट ह्या मजल्यांवर राहून गेले. खालच्या हॉलमध्यें रात्रीं जें लोकांपुढें येई, त्याची तालीम दिवसां वरच्या खोल्यांत होई.

ही कल्पना अगदींच आकाशांतून पडलेली नव्हती. ह्याच जागेला लागून १८८१ सालीं ‘रेम्ब्रांट’ नांवाची एक राहती इमारत उठली होती. न्यूयॉर्कमधील सहकारी तत्त्वावरच्या अगदीं पहिल्या घरांपैकीं ती एक. राहणाऱ्यांनींच एकत्र येऊन मालक व्हावयाचें, आणि चित्रकारांना सोयीच्या उंच खोल्या ठेवावयाच्या, अशी तिची रचना होती. तेव्हां ह्या रस्त्यावर कलावंतांचीं बिऱ्हाडें आधीं आलीं, आणि संगीतमंदिर मागाहून आलें, असें म्हणतां येईल.

वरच्या भाड्यानें खालच्या खर्चाला आधार मिळाला, तरी हिशेबाचीं दोन्ही टोकें जुळलीं नाहींत. संगीतगृहानें स्वतःच्या पायावर उभें राहावें असें म्हणणारा कार्नेगी १९१९ सालीं मरेपर्यंत आपल्याच खिशांतून तूट भरीत राहिला.

१९२५ सालीं त्याच्या विधवेनें ही इमारत रॉबर्ट सायमन ह्या जमीनजुमल्याच्या व्यापाऱ्यास विकली. विकतांना तिनें एक अट घातली. निदान पांच वर्षें ही वास्तु संगीतासाठींच राखावी. तत्पूर्वीं ती पाडावयाची झाल्यास तोलाचें दुसरें संगीतगृह आधीं उभें राहिलें पाहिजे. पांच वर्षांची मुदत ती काय! पण ती संपतांसंपतां अमेरिकेंत मोठी मंदी आली, पाठोपाठ महायुद्ध आलें, आणि नव्या बांधकामाचा विषय मागें पडला. सायमनला स्वतःलाहि ह्या घराचा अभिमान वाटूं लागला होता. १९३५ सालीं तो वारल्यावर त्याच्या त्याच नांवाच्या मुलाकडे कारभार आला. फिलहार्मोनिक वाद्यवृंद वर्षाकाठीं शंभराहून अधिक दिवस हॉल भाड्यानें घेई. तो सर्वांत मोठा भाडेकरू. त्याच्या भरंवशावर सारा जमाखर्च तोललेला होता.

आणि १९५५ च्या सुमारास तोच भाडेकरू जावयास निघाला. शहराच्या पश्चिम भागांत ‘लिंकन सेंटर’ ह्या नांवानें नाटक, संगीत आणि नृत्य यांचें विशाल केंद्र बांधण्याची योजना आंखली जात होती, आणि फिलहार्मोनिकला तेथें नवें घर मिळणार होतें. सायमननें जुनी इमारत वाद्यवृंदालाच विकत देऊं केली. त्यानें ती नाकारली. तेव्हां १९५६ सालीं लुई ग्लिकमन ह्या बांधकाम-व्यापाऱ्याशीं ५० लक्ष डॉलर्सना सौदा ठरला. १९५७ मध्यें त्याच्या नियोजित इमारतीचें चित्र प्रसिद्ध झालें. लाल चिनी मातीचा मुलामा दिलेल्या पत्र्यांनीं मढविलेला ४४ मजल्यांचा कचेऱ्यांचा मनोरा त्या चित्रांत होता. पैशाची जुळणी न झाल्यामुळें १९५८ मध्यें तो बेत फिसकटला. परंतु फिलहार्मोनिकचें जाणें टळलें नव्हतें, आणि १९६० च्या वसंतांत हॉल पाडावयाचा, असें ठरून गेलें होतें.

अशा वेळीं आयझॅक स्टर्न हा व्हायोलिनवादक पुढें सरसावला. जगभर मैफली करीत हिंडणारा हा मनुष्य सभा, समित्या आणि सरकारी कचेऱ्या यांच्या फेऱ्यांत गुंतला. त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं नागरिकांची एक समिति काढली आणि कायदेमंडळाचे दरवाजे ठोठावले. ‘नवें संगीतगृह होत आहे, मग जुनें कशास हवें?’ असा प्रश्न विचारला जाई. एवढ्या मोठ्या शहराला एकाहून अधिक हॉल लागतील, आणि नव्या हॉलचा आवाज कसा निघेल हें तो बांधून झाल्यावरच कळेल, हें त्याचें उत्तर सरळ होतें. १९६० च्या एप्रिलांत न्यूयॉर्क राज्यानें खास कायदा केला. त्याअन्वयें शहरानें ही वास्तु विकत घेतली आणि ती चालविण्यासाठीं नफा न वांटणाऱ्या एका स्वतंत्र संस्थेच्या हवालीं केली. शहरानें मोजलेली किंमत ५० लक्ष डॉलर्स होती. हॉल पाडण्यासाठीं व्यापारी जेवढे पैसे देणार होता, तेवढ्याच पैशांत तो राखला गेला.

त्या पैशाची पुढची गति जाणण्यासारखी आहे. धाकट्या सायमननें आपल्या हिश्शाच्या रकमेंतून १९६१ सालीं व्हर्जिनिया प्रांतांत, वॉशिंग्टनपासून जवळच, सुमारें ६,७५० एकर जमीन घेतली आणि तेथें नवें नगर वसविलें. स्वतःच्या नांवाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यानें त्याला ‘रेस्टन’ हें नांव दिलें. तळ्याकांठचा चौक, चौकाभोंवतीं दुकानें, दुकानांवर राहतीं घरें अशी तेथील पहिली वस्ती होती. आज त्या गांवांत साठ हजारांवर लोक राहतात. एका संगीतगृहाच्या किंमतींतून एक गांव उभा राहिला, असें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

परंतु त्याच वेळीं न्यूयॉर्कमध्यें उलट दिशेनेंहि एक घटना घडत होती. लिंकन सेंटरसाठीं जी भूमि निवडली, ती मोकळी नव्हती. तेथें सान ह्वान हिल नांवाची वस्ती होती. राहणारे बहुतेक नीग्रो आणि पोर्टोरिकन कष्टकरी. पियानोवादक थिलोनियस मंक लहानपणापासून ह्याच वस्तींत वाढला. जॅझ नांवानें जगभर गेलेल्या संगीताला ह्या गल्ल्यांनीं आपल्या परीनें कांहीं दिलेलें होतें. नगरसुधारणेच्या कायद्यान्वयें ती सारी वस्ती जुनाट ठरवून हलविण्यांत आली. सात हजारांहून अधिक कुटुंबांना आणि सुमारें आठशें दुकानदार-व्यावसायिकांना तेथून उठावें लागलें. १४ मे १९५९ रोजीं अध्यक्ष आयसेनहोवर यांनीं पहिली कुदळ मारली, आणि त्या समारंभांत बर्नस्टाइननें वाद्यवृंद वाजवून घेतला. केंद्राच्या शेजारीं नव्या बिऱ्हाडांच्या उंच इमारतीहि उठल्या. पण त्यांचें भाडें उठविलेल्या लोकांच्या आंवाक्याबाहेरचें होतें. संगीतगृह आणि नवीं घरें हीं दोन्ही शेजारीं शेजारीं आलीं. जुने रहिवासी तेवढे आले नाहींत.

स्टर्नची शंकाहि खरी ठरली. २३ सप्टेंबर १९६२ रोजीं फिलहार्मोनिकचा नवा हॉल उघडला, आणि त्याच्या आवाजाविषयीं पहिल्यापासून तक्रारी सुरू झाल्या. १९७६ मध्यें त्याचा आंतला भाग पार पाडून नव्यानें बांधावा लागला. तेवढ्यानेंहि समाधान झालें नाहीं. २००३ च्या जूनांत तर फिलहार्मोनिकनें पुनः कार्नेगी हॉलमध्यें परतण्याचा बेत जाहीर केला. परंतु चार महिन्यांत तो मोडला. चाळीस वर्षांत जुन्या घराचे दिवस दुसऱ्या पाहुण्यांनीं भरून गेले होते. अखेर नव्या हॉलचीच २०२२ मध्यें पुनः पुनर्रचना झाली, आणि तिला ५५ कोटि डॉलर्स लागले.

१९६३ सालीं न्यूयॉर्कचें भव्य पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडण्यास सुरुवात झाली, तेव्हां लोकांचे डोळे उघडले आणि १९६५ सालीं ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला. तरीसुद्धां १८८३ सालचें मेट्रोपॉलिटन ऑपेराचें जुनें नाट्यगृह १९६७ मध्यें जमीनदोस्त झालें आणि तेथें कचेऱ्यांचा मनोरा उठला. कार्नेगी हॉल त्या कायद्याच्या आधींच, वेगळ्या मार्गानें, सुरक्षित झाला होता. त्याची जमीन शहराच्या मालकीची झाली, हें त्याचें मोठें भाग्य.

तथापि वाचलेल्या वास्तूलाहि जगावें लागतें. नळ, विजा, छप्पर, खुर्च्या सारें जुनें झालेलें. ह्या अडचणींतून वाट निघाली ती आकाशांतून. १९६१ सालीं शहरानें बांधकामाचे नवे नियम केले होते. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या ठराविक पटीइतकेंच एकंदर मजल्यांचें क्षेत्र बांधतां यावें, असा त्यांत हिशेब होता. मुंबईंत ज्याला एफ्. एस्. आय्. म्हणतात तोच हा प्रकार. समजा, एका तुकड्यावर दहा हजार चौरस फूट बांधण्याची मुभा आहे आणि मालकानें चार हजारच बांधले. तर उरलेल्या सहा हजारांचा हक्क लागून असलेल्या तुकड्याकडे नेतां येतो. ठेंगण्या वास्तूच्या डोक्यावरची मोकळी हवा अशा रीतीनें विक्रीयोग्य माल बनते.

कार्नेगी हॉलनें हेंच केलें. शेजारची ‘रेम्ब्रांट’ ही सहकारी इमारत १९६० नंतरच्या दशकांत पाडली गेली होती, आणि तिची जागा मोकळी पडली होती. त्या जागेवर, हॉलच्या डोक्यावरचा न वापरलेला हक्क जमेस धरून, ६० मजल्यांचा ‘कार्नेगी हॉल टॉवर’ उभारण्यांत आला. तो १९९१ मध्यें पुरा झाला. सीझर पेली ह्या शिल्पज्ञानें त्याच्या विटांचा रंग जुन्या हॉलशीं मिळता ठेवला. रस्त्याकडील बाजूस हा मनोरा अवघा पन्नास फूट रुंद आहे. पलीकडे अगोदरच आणखी एक उंच मनोरा झालेला होता, आणि दोहोंच्या मधोमध ‘रशियन टी रूम’ हें जुनें उपाहारगृह. त्याच्या मालकिणीनें जागा विकण्यास साफ नकार दिल्यामुळें दोन राक्षसांच्या मध्यें तें बुटकें घर आजहि दिसतें. नव्या मनोऱ्यांतील गाळे कचेऱ्यांसाठीं आहेत. जमीन शहराचीच राहिली. जागेचें भाडें हॉलच्या संस्थेला मिळूं लागलें, आणि रंगमंचाच्या मागें कलावंतांसाठीं अधिक जागाहि लाभली.

दरम्यान १९८६ मध्यें सात महिने हॉल बंद ठेवून त्याची मोठी डागडुजी करण्यांत आली. १५ डिसेंबर १९८६ रोजीं तो पुनः उघडला, तेव्हां न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालक म्हणून आपल्या मुंबईंत जन्मलेले झुबिन मेहता वाद्यवृंदापुढें उभे होते. परंतु जाणकारांच्या कानांना कांहीं तरी खटकूं लागलें. पूर्वींचा ऊबदार नाद गेला, खर्जाचे स्वर बोथट झाले, अशी कुजबूज सुरू झाली. रंगमंचाखालीं कॉंक्रीट ओतलें असावें, असा संशय व्यक्त झाला. हॉलचे चालक तो वर्षानुवर्षें नाकारीत राहिले. १९९५ मध्यें रंगमंचाच्या फळ्या उचलल्या, तों खालीं खरोखरच कॉंक्रीट निघालें. तें काढून नव्या लांकडी फळ्या बसविण्यांत आल्या. जुन्या वास्तूंत नवें काम करणारांनीं ह्या प्रसंगाचा विसर पडूं देऊं नये. नाद कोठें वसतो हें नकाशांत लिहिलेलें नसतें.

आतां माथ्यावरच्या बिऱ्हाडांकडे वळावयाचें. शंभर वर्षें त्यांनीं ह्या घराला भाडें दिलें होतें आणि सोबतहि दिली होती. २००७ मध्यें हॉलच्या संस्थेनें जाहीर केलें, कीं ह्या खोल्या आतां तालमीसाठीं आणि मुलांच्या व शिक्षकांच्या संगीतशिक्षणासाठीं हव्या आहेत. भाडेपट्टे पुढें चालूं राहणार नाहींत. भाडेकरूंमध्यें कांहीं जण अनेक दशकें तेथें राहिलेले, ऐशीं-नव्वदीच्या घरांतले होते. कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्तमानपत्रांतून लेख आले. अखेर २०१० मध्यें शेवटचे राहणारे बाहेर पडले. २०१४ मध्यें तेथें शिक्षणासाठीं नवें दालन सुरू झालें. ह्यांत कोणी खलपुरुष नाहीं. मुलांना गाणें शिकविणें हें पुण्याचें काम, आणि वृद्ध कलावंताला त्याच्या खोलींत राहूं देणें हेंहि पुण्याचेंच. परंतु दोन पुण्यें एका खोलींत मावेनाशीं झालीं, तेव्हां एकाजवळ कागद होता आणि दुसऱ्याजवळ नव्हता.

त्याच काळांत रस्त्याचें रूपहि पालटत होतें. कार्नेगी हॉलपासून थोड्याच अंतरावर स्टाइनवे कंपनीनें १९२५ सालीं आपला नवा हॉल बांधला होता. घुमटाकार दालनांत पियानोवादन होई. तळघरांत मैफलींचे पियानो ओळीनें मांडलेले असत, आणि कार्नेगी हॉलमध्यें वाजविणारे नामांकित वादक आपला पियानो तेथें येऊन निवडीत. ही वास्तु पुढें दुसऱ्या हातीं गेली. कायद्यानें रक्षण दिल्यामुळें तिची दर्शनी बाजू आणि तें घुमटाचें दालन शाबूत राहिलें. पण पियानो आणि त्यांचें दुकान दुसरीकडे गेलें, आणि जुन्या हॉलला लागून १,४२८ फूट उंचीचा, काठीसारखा सडपातळ मनोरा उठला. एवढ्या उंचींत आणि जुन्या इमारतींत मिळून राहत्या जागा सुमारें साठच आहेत. जेथें दीडशें खोल्यांत चित्रकार आणि गानशिक्षक दाटीवाटीनें राहत, त्याच रस्त्यावर आतां एकेका धनिकाला मजलाच्या मजला लाभतो. कार्नेगी हॉलच्या समोरच्या बाजूस २०१४ मध्यें पुऱ्या झालेल्या ‘वन् फिफ्टीसेव्हन’ ह्या मनोऱ्यांतील सर्वांत वरचें बिऱ्हाड १० कोटि डॉलर्सच्या वर विकलें गेलें. असल्या जागा अनेक जण गुंतवणूक म्हणून घेतात, आणि वर्षाचे थोडेच दिवस तेथें राहतात.

हा मनोरा बांधला जात असतां २९ ऑक्टोबर १९१२ रोजीं नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१२ सालीं, न्यूयॉर्कवर मोठें वादळ आलें. मनोऱ्याच्या शेंड्यावरील यारी मोडली आणि तिचा लांबलचक हात हजार फूट उंचीवर लोंबकळत राहिला. खालचे रस्ते बंद झाले, आसपासचीं घरें रिकामीं केलीं गेलीं, आणि कार्नेगी हॉललाहि कित्येक दिवस कुलूप लागलें. ठरलेल्या मैफली रद्द झाल्या किंवा दुसरीकडे हलल्या. शेजार कसा आहे, ह्यावर संगीतगृहाचें दैनंदिन जीवन किती अवलंबून असतें, हें त्या आठवड्यांत शहराला दिसलें.

ह्या साऱ्या इतिहासावरून, संगीतगृहाला बिऱ्हाडांचा शेजार घातक असतो, असा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. कार्नेगी हॉल तर आपल्या तारुण्यांत बिऱ्हाडांच्या भाड्यावरच तगला, आणि त्याच्या शेजाऱ्याचें भाडें आजहि त्याच्या कामीं येतें. इतिहास एवढेंच दाखवितो, कीं जें जें लेखी बांधून ठेवलें तें तें राहिलें. विधवेनें अट लिहून घेतली म्हणून पहिलीं पांच वर्षें निभावलीं. राज्यानें कायदा लिहिला म्हणून शहर मालक झालें. भाडेपट्ट्यांत लिहिलें म्हणून मनोऱ्याचें उत्पन्न हॉलला मिळालें. स्टाइनवेच्या घुमटासाठीं कायद्यानें शब्द खर्चिले म्हणून घुमट राहिला. पियानोंसाठीं कोणीं शब्द खर्चिला नाहीं, ते गेले. सान ह्वान हिलच्या सात हजार कुटुंबांना नव्या घरांत परत घ्यावें, असें कोणत्याहि करारांत नव्हतें. माथ्यावरच्या कलावंतांचीहि तीच गत झाली. खालच्या संगीतासाठीं दोनदां अटी लिहिल्या गेल्या. वरच्या माणसांसाठीं एकदांहि नाहीं.

एखाद्या नगरांतील आवडतें गाण्याचें घर पाडून, ‘नव्या इमारतींत तळमजल्यावर सभागृह आणि वर राहतीं घरें’ असा आराखडा पुढें येतो, तेव्हां नागरिक बहुधा चित्राकडे पाहतात. खुर्च्या किती, मजले किती, दर्शनी भाग कसा, ह्यावर चर्चा रंगते. पाहावयाचें तें निराळें. जमीन कोणाच्या नांवें राहणार, वरच्या भाड्यांतला वांटा सभागृहाला किती वर्षें आणि कोणत्या कलमानें मिळणार, रात्रींच्या गाण्याविरुद्ध वरच्या बिऱ्हाडांनीं तक्रार केल्यास कोणाचा शब्द अखेरचा, आणि आज तेथें राहणारे उद्यां कोठें असणार, ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें करारांत शाईनें लिहिलेलीं आहेत कीं नाहींत, हें विचारलें पाहिजे.

कार्नेगी हॉलमध्यें आजहि रात्रीं दिवे लागतात. वरच्या मजल्यांवर मुलांचे वर्ग भरतात, आणि शेजारच्या मनोऱ्याचें भाडें वेळच्या वेळीं जमा होतें. मैफल संपल्यावर श्रोते पांगतात, वाद्यें पेट्यांत जातात, आणि दरवाजे बंद होतात. माथ्यावर मात्र आतां रात्रीं कोणी राहत नाहीं.